बीसीजीच्या जागी पुळी आलीय, पू दिसतोय... मलम लावू का?

चिऊची_आई · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार सगळ्यांना. खूप घाबरून लिहितेय, झोपच लागत नाहीये. मुलगी काल सात आठवड्यांची झाली, माझं पहिलंच बाळ, मी माहेरी आहे. जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे टीबीची (क्षयाची) लस, दिली होती. तेव्हा काहीच झालं नाही, घरी आलो तोवर कुठे टोचलंय तेपण सापडेना. मग महिन्याची असताना तिथे मोहरीएवढा लाल ठिपका आला, मला वाटलं डास चावला असेल. तो वाढत वाढत आता तुरीच्या डाळीएवढा झालाय, मधोमध पिवळट टोक आलंय, आणि आज सकाळी झबलं काढताना बाहीला आतून पिवळा डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

त्यात गेल्या मंगळवारी सहाव्या आठवड्याचे डोस झाले. डाव्या मांडीला पेंटा दिलंय तिथे दोन दिवस लाल आणि गरम होतं, एक रात्र तापपण होता. आता लाली गेली पण आत वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागते.

आई म्हणते हळद आणि खोबरेल तेल लाव. सासूबाई फोनवर म्हणाल्या सुई खराब असणार, म्हणून पिकलं. शेजारच्या काकू गाठीवर कच्च्या बटाट्याची चकती बांधायला सांगतायत. मेडिकलवाल्याने एक अँटिबायोटिक मलमाची ट्यूब दिलीय, ती समोर ठेवून बसलेय, अजून उघडली नाही. आणि मिस्टर म्हणतायत पुढचे डोस सध्या थांबवूया.

आत्ता ताप नाही, दूध नीट पितेय, झोपतेय. प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा. मलम लावू का? आंघोळ घालू का? आणि दहाव्या आठवड्याचे डोस द्यायचे की नाही?

---

मीनल_नाशिक · सोमवार, रात्री ११:५२

अगं ती ट्यूब उघडूच नकोस!! माझ्या दोन्ही मुलांना अगदी असंच झालं होतं, थोरल्याला तर दीड महिन्याचा असताना आणि तूही तेच सांगतेयस. बीसीजीला बहुतेक बाळांना पुळी येते, कधी कधी फुटतेपण, मग खपली धरते आणि तो गोल व्रण राहतो ना आपल्या सगळ्यांच्या दंडावर, तोच तो. तुझी बाही वर करून बघ, तुलापण असेल. झोप आता, सकाळी कोणीतरी जाणकार नीट सांगेल.

---

निवृत्त_सिस्टर · मंगळवार, सकाळी ६:१०

चिऊच्या आई, आधी चहा घे आणि मग वाच. मी आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रावर एकतीस वर्षं काढली, आता रिटायर आहे. हाच प्रश्न घेऊन महिन्यातून दोन-तीन आया तरी यायच्याच, आणि निम्म्या जणी आधीच हळद लावून यायच्या.

बीसीजी ही मेलेल्या जंतूंची लस नाही. त्यात क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद असतो, जिवंत, पण अगदी दुबळा केलेला. काल्मेट आणि गेराँ नावाच्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षं तो जंतू पुन्हा पुन्हा वाढवून कमजोर केला आणि १९२१ साली पहिल्यांदा बाळाला दिला, त्यांच्याच नावावरून बीसीजी. नवजात बाळाला आम्ही फक्त ०.०५ मिली देतो, म्हणजे थेंबभरच, तेपण मांसात नाही, कातडीच्या थरामध्ये. बरोबर दिलं की लगेच तिथे संत्र्याच्या सालीसारखा एक छोटा फुगवटा येतो आणि थोड्या वेळाने बसतो. मग दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. हे मधले दिवस आया विसरून जातात, म्हणून पुळी आली की ती लसीची आहे हे लक्षातच येत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी बारीक पुळी येते, ती हळूहळू वाढते आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ४ ते ८ मिमी होते. तुझी तुरीची डाळ म्हणजे अगदी मापातच बसली बघ. मग ती एकतर तशीच बसते नाहीतर फुटते, थोडा पू-पाणी येतं, खपली धरते, खपली पडते, परत थोडं ओलं होतं, परत खपली. असं करत ६ ते १२ आठवड्यांत आपोआप भरून येतं. तुझ्या लेकीचं शरीर त्या दुबळ्या जंतूला ओळखायला शिकतंय, ते कातडीवर दिसतंय इतकंच. सुई खराब असती तर दोन-चार दिवसांतच दंड सुजून लालबुंद झाला असता, आणि बाळ तापाने फणफणलं असतं. महिनाभर वाट बघून एवढीशी पुळी आली नसती. सासूबाईंना हे नीट समजावून सांग, त्यांचा जीव नातीतच आहे म्हणून बोलल्या.

आता काय करायचं. काहीही लावायचं नाही. मलम नको, हळद नको, तेल नको, डेटॉल नको, पट्टी नको. आम्ही तर बीसीजी टोचायच्या आधीसुद्धा त्या जागी स्पिरिट लावत नाही, लसच मरेल म्हणून नुसत्या स्वच्छ पाण्याने पुसतो. पुळी दाबायची नाही, पू काढायचा नाही. आंघोळ रोज घाल, पाणी लागलं तर चालतं, साबण चोळू नको आणि नंतर मऊ कपड्याने टिपून घे, पुसू नको. सैल सुती झबलं घाल, बाही चिकटली तर ओढू नको, कोमट पाण्याचा थेंब सोड आणि सुटू दे. आणि मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना आजच सांग की डावा दंड सोडून बाकी मालिश करा. हे फार महत्त्वाचं आहे. मावशींना वाटतं चोळलं की गाठ विरते, आणि तिथेच घोटाळा होतो.

मांडीची गाठ वेगळी. पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जंतू) अशा पाच आजारांची लस एकाच सुईत, ती मांसात देतात. त्यात ॲल्युमिनियमचा एक क्षार असतो, तो लस त्या जागी थोडी धरून ठेवतो म्हणजे शरीराला ओळखायला वेळ मिळतो. त्यामुळे लाली, सूज, एक-दोन दिवस ताप, आणि मागे वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ हे नेहमीचंच आहे. ती आठवड्यांनी विरते, कधी कधी महिना-दोन महिने जातात. पहिल्या दिवशी स्वच्छ ओलं फडकं गार करून ठेवलं तर बाळाला बरं वाटतं. आता मात्र काहीच करू नको, आणि बटाटा काकूंना परत दे, भाजीला होईल.

डॉक्टरांना कधी दाखवायचं ते नीट वाच. मांडीची गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली, गरम आणि लाल झाली, हात लावला की बाळ किंचाळतंय, आत पातळ हलल्यासारखं लागतंय, तर तो गळू असू शकतो. डाव्या काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ आली आणि ती वाढतेय. बीसीजीची जखम एक सेंटिमीटरच्या पुढे पसरत चालली किंवा तीन-चार महिने झाले तरी भरेना. बाळाचं वजन वाढत नाही, सारखं आजारी पडतं. लसीनंतरचा ताप दोन दिवसांच्या वर टिकला. यातलं काहीही असेल तर घरचे उपाय करत बसू नको.

आणि पुढचे डोस थांबवायचे नाहीत. दहाव्या आठवड्याचे वेळेवर दे, डांग्या खोकला लहान बाळाला किती वाईट होतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. बाळ खोकून खोकून निळं पडतं आणि श्वास घेताना हूप करून आवाज येतो, तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

---

रानातली_वाट · मंगळवार, सकाळी ८:३५

सिस्टर आमच्याकडे डोस दिला की गरम पाण्याच्या फडक्याने शेकायचे, सगळ्या पोरांना तसंच केलं आणि काही झालं नाही, मग ते चूक का? आणि तापाला मी पॅरासिटामॉल देते, मेडिकलमध्ये कधी ड्रॉप्स मिळतात कधी सिरप, दोन्ही सारखंच ना?

---

निवृत्त_सिस्टर · मंगळवार, सकाळी ९:०५

शेकल्याने तिथे रक्त जास्त येतं, सूज वाढते, आणि बाळाची कातडी इतकी पातळ की आपल्या हाताला कोमट वाटतं तेही त्याला भाजतं. शेकून कातडी सोललेली दोन बाळं माझ्याकडे आली होती, त्या आयांचे चेहरे विसरत नाही. शेक नको.

ड्रॉप्स आणि सिरप बिलकुल सारखं नाही!! नेहमीच्या ड्रॉप्सच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ असतं आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५, म्हणजे १ मिलीत फक्त २५. सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले तर औषध चौपट जातं. बाटलीवर काय लिहिलंय ते बघायचं, डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी वजन बघून जेवढं लिहून दिलंय तेवढंच, आणि ज्या बाटलीचं लिहिलंय तीच बाटली. ताप नसताना आधीच देऊन ठेवायचं नाही.

---

लेस्टरची_आई · मंगळवार, दुपारी २:२०

मी इंग्लंडमध्ये असते. इथे बीसीजी सरसकट देत नाहीत, शाळेत सगळ्यांना द्यायचे ते २००५ ला बंद झालं. पण आईवडील किंवा आजीआजोबा भारतासारख्या जास्त टीबी असलेल्या देशातले असतील तर बाळाला देतात, म्हणून माझ्या मुलाला मिळाली. जन्मल्यावर लगेच नाही, आधी टाचेचं रक्त तपासून बाळाची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी नाही ना ते बघतात आणि मग साधारण चार आठवड्यांनी देतात. ज्या बाळाची प्रतिकारशक्तीच नाही त्याला ही जिवंत लस त्रास देऊ शकते म्हणून. त्यामुळे घरात आधी एखादं बाळ तान्हेपणी वारंवार आजारी पडून गेलेलं असेल तर लस द्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, हे मला इथे कळलं.

बाकी नर्सने सांगितलेलं अगदी सिस्टरनी लिहिलंय तेच, पट्टी नको मलम नको, आंघोळ घाला. माझ्या मुलाची पुळी तीन महिने ओली-सुकी ओली-सुकी चालली होती. इथल्या मैत्रिणींच्या बाळांना कोणालाच नव्हती आणि मी एकटीच दर रात्री मोबाईलच्या उजेडात दंड बघत बसायचे, त्यामुळे तुझी रात्र मला कळते गं.

---

काखेतली_गाठ · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळे नॉर्मल आहे म्हणतायत ते खरंच आहे, पण आमच्याबाबतीत झालं ते सांगते म्हणजे कोणाची चूक होऊ नये. मुलगा तीन महिन्यांचा असताना त्याच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ लागली, आंघोळ घालताना साबणाचा हात सटकला म्हणून कळलं. ताप नाही, रडणं नाही, दूध छान. नातेवाईकांनी मालिश करून विरेल म्हणून रोज चोळली, मीपण गप्प राहिले. तीन आठवड्यांत वरची कातडी लाल-जांभळी झाली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, त्यांनी साधा गळू समजून चीर दिली. ती जखम पुढचे अडीच महिने वाहत होती. रोज दोन-दोन दुपटी बदलायचे मी, आणि स्वतःला दोष देत बसायचे.

मग बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की ही बीसीजीचीच गाठ, दंडातले जंतू काखेतल्या ग्रंथीत जातात म्हणून ती सुजते. छोटी असेल, पिकलेली नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जाते, टीबीची गोळ्या-औषधं लागत नाहीत. पिकली तर सुईने पू ओढून घेतात, चीर देत नाहीत, कारण चीर दिली की अशी वाहतच राहते. आता मुलगा पाच वर्षांचा आहे, काखेत एक सुरकुतलेला व्रण आहे बाकी एकदम ठणठणीत. धाकटीला बीसीजी दिली का? दिली, पहिल्याच दिवशी. फक्त तिच्या काखेला कोणाला हात लावू दिला नाही.

---

मिरजेचे_आजोबा · मंगळवार, रात्री ८:१५

सूनबाईंनी हा धागा दाखवला म्हणून लिहितो. आमच्या पिढीच्या दंडावर दोन व्रण मोठे, नाण्यासारखे, ते देवीच्या लसीचे. शाळेत देवी काढायला माणूस यायचा, फिरकीसारखं दातेरी चाक दंडावर टेकवून फिरवायचा, आम्ही बाकाखाली लपायचो. आठवड्याने तोच माणूस परत येऊन फोड आलाय का ते बघायचा. फोड आला नाही तर "लागली नाही" म्हणून पुन्हा टोचायचा. म्हणजे तेव्हा कातडीवर फोड येणं हीच लस लागल्याची खूण होती, आणि आजची तरुण मंडळी त्याच फोडाला घाबरतात.

आपल्या मुंबईतच १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. तेव्हा ना फ्रीज ना बाटल्या. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन पुढच्या मुलांना टोचलं, त्यांच्या फोडातून पुढच्यांना, असं दंडावरून दंडावर करत ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. माझ्या थोरल्या बहिणीचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता, तिच्या लग्नाला किती अडचणी आल्या ते घरात सगळ्यांना माहीत आहे. चिऊच्या दंडावर एवढासा व्रण राहिला तर राहू दे, मुली.

---

अथर्वची_मम्मी · मंगळवार, रात्री ९:३०

माझं उलटं आहे, अथर्व आठ महिन्यांचा झाला आणि त्याला पुळीच आली नाही, व्रण नाही. परत द्यायची का बीसीजी? आणि आता नवव्या महिन्याचं एमआर आहे, माझ्या जावेच्या मुलीला त्यानंतर अंगभर पुरळ आलं होतं, तिला गोवरच झाला असं सगळे म्हणाले.

---

निवृत्त_सिस्टर · मंगळवार, रात्री ९:५०

कार्डावर बीसीजीची तारीख लिहिलेली असेल तर परत द्यायची नाही. काही बाळांना व्रण येतच नाही, म्हणून लस वाया गेली असं नाही.

एमआर म्हणजे गोवर-रुबेला, तीपण जिवंत दुबळी लस. साधारण ७ ते १० दिवसांनी काही मुलांना थोडा ताप आणि फिकट पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं, दुसऱ्या मुलांना लागत नाही. खऱ्या गोवरात मूल आठवडाभर आडवं पडतं, डोळे लाल, नाक वाहतं, खोकला थांबत नाही.

पुरळ लसीनंतर कधी आलं ते फार महत्त्वाचं. आठवड्याने आलं तर ते हे. पण टोचल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, बाळ एकदम मलूल झालं, तर ती ॲलर्जी, तिथे एक मिनिटही घालवायचं नाही. म्हणून आम्ही डोस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसवून ठेवतो. आया म्हणतात घरी कामं पडलीत, जाऊ द्या ना सिस्टर. बसायचं. आमच्याकडे त्यासाठीचं ॲड्रेनॅलिन इंजेक्शन तयार असतं, घरी ते कोणाकडे नसतं. घरी गेल्यावर असं काही झालं तर सरळ १०८ ला फोन. आणि काहीही त्रास झाला की आशाताईला किंवा सिस्टरला कळवायचं, त्याची नोंद वर जाते, पुढच्या डोसचं काय करायचं ते मग डॉक्टर ठरवतात.

---

कोथरूडची_ऋता · मंगळवार, रात्री ११:१०

विषयाला धरूनच आहे म्हणून सांगते. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना तिला ताप आला, चार दिवस उतरेना. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले आणि लालभडक, अंगावर पुरळ. आणि तिचा बीसीजीचा कधीचाच सुकलेला व्रण अचानक लाल होऊन वर आला, भोवती लाल कडं. मला वाटलं कपड्याने घासलं. डॉक्टरांना सहज म्हणून दाखवलं आणि त्यांनी तिथेच पेन खाली ठेवलं. कावासाकी आजार निघाला. जपानी डॉक्टर कावासाकींनी १९६७ मध्ये हा आजार मांडला, यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते आणि दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचं) इंजेक्शन मिळालं तर धोका खूप कमी होतो. तिला सातव्या दिवशी मिळालं, हृदय सुखरूप आहे.

लसीमुळे झालेलं नाही हे, गैरसमज नको. पण महिन्यांपूर्वी भरलेला बीसीजीचा व्रण तापात परत लाल झाला तर डॉक्टरांना तो नक्की दाखवा, बाही वर करून दाखवा, ते विचारतीलच असं नाही.

---

चिऊची_आई · शनिवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे मनापासून आभार, सिस्टरताई तुमचं तर मी प्रिंट काढून आईच्या देवघराशेजारी चिकटवलंय म्हणजे येणारं-जाणारं वाचेल. बुधवारी उपकेंद्रात जाऊन दाखवून आले, तिथल्या सिस्टरनी काख चाचपली, गाठ नाही म्हणाल्या, वजन केलं, ४ किलो ६०० भरलं. मांडीची गाठपण बघितली, आहे तशी राहू द्या म्हणाल्या, आणि कार्डावर दहाव्या आठवड्याची तारीख पेन्सिलने लिहून दिली.

मिस्टरांना सगळे रिप्लाय पाठवले, त्यांनी रात्री जागून वाचले आणि त्या तारखेला सुट्टी टाकली. मालिशवाल्या मावशी पहिल्यांदा रुसल्या, आता स्वतःच डाव्या दंडावर हात ठेवून झाकतात आणि मग बाकीचं तेल लावतात.

काल पुळी फुटली. थोडंसं पाणी आलं, मी कापसाने टिपलं आणि हात धुतले. आज तिथे तांदळाच्या कणीएवढी तपकिरी खपली आहे. सासूबाई उद्या येतायत बघायला.